चौतीस सेकंदांचं रडणं

"हंडा उचल की गं. बघत काय बसलीस?"

अंबूताई निगवेकरांनी असं फर्मावलं तेव्हा पाडव्याची दुपार होती. मी नवी साडी नेसलेली आणि पाणी तापवायचा त्यांचा तांब्याचा हंडा चांगलाच जड. मोरीतून तो कसाबसा आणून मी त्यांच्यापुढे आडवा ठेवला. शहात्तर वर्षांच्या अंबूताईंनी मांडी घातली, पदर खोचला, हंड्याच्या तोंडाशी तोंड नेलं आणि त्या हसल्या.

आधी एखादी पोर खुदकन हसावी तसं. मग ते हसू हंड्याच्या पोटात उतरलं, तिथं घुमलं, आणि बाहेर आलं तेव्हा ते कुणा जित्या बाईचं राहिलं नव्हतं. माझ्या हातातला रेकॉर्डर हलला. बाहेर बोळातलं कुत्रं भुंकायला लागलं आणि शेजारच्या खिडकीतून माझ्या मावशीचा आवाज आला, "अंबूताई, सणाचा दिवस आहे हो! पोरं जेवायला बसलीत!"

"जेवू देत की," हंड्यातून तोंड काढून अंबूताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आलं का नीट? का परत हसू?"

ही दोन हजार चौदा सालातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत व्हिडिओ कापायचं, जोडायचं काम करत होते. आमचं बहुतेक काम अमेरिकेतल्या लोकांसाठी चालायचं, त्यामुळे त्यांचे सणही आमच्याकडे यायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी हॅलोविन. चार मजले, चार संघ, आणि प्रत्येक संघाने भुताखेतांचं पाच-सात मिनिटांचं काहीतरी करून दाखवायचं. त्या वर्षी विषय दिला होता, 'जुन्या काळातली भीती.' बाकीचे तिन्ही मजले काय करणार ते मला ठाऊक होतं. नेटवरून चर्चमधल्या बाजाचं तेच ते संगीत उचलणार, लांडग्याचं केकाटणं, धुक्यातला किल्ला, आपोआप उघडणारं शवपेटीचं झाकण. आदल्या वर्षी मीही तेच केलं होतं आणि आमचा तिसरा नंबर आला होता. ते मला फार लागलं होतं.

दिवाळीला मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत मावशीकडे गेले, तेव्हा लॅपटॉपवर असलेच व्हिडिओ बघत बसले होते. मावशी करंज्या तळता तळता म्हणाली, "हे कसले परदेशी आवाज ऐकतेस? शेजारी जा की. अंबूताईंनी तरुणपणी तेच काम केलंय."

तोवर मला अंबूताई म्हणजे मावशीच्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, इतकंच माहीत होतं. त्यांचे यजमान दत्तोबा गावातल्याच एका स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. एकदा अंबूताई त्यांना डबा द्यायला गेल्या. आत एका नटीला काही केल्या किंचाळता येत नव्हतं. दत्तोबांनी सहज म्हणून बायकोला माईकपुढे उभं केलं. "डबा द्यायला गेले आणि किंचाळून आले," असं अंबूताई सांगायच्या. पुढे सात-आठ वर्षं काळ्या-पांढऱ्या चित्रपटांतल्या कितीतरी हडळी, चेटकिणी, विहिरीतल्या सासुरवाशिणी त्यांच्या गळ्यातून बोलल्या. पडद्यावर तोंड दुसरीचं, नाव दुसरीचं. यांचं नाव कुठेच नाही.

"तू करतीयस त्यात नाव घालशील?" त्यांनी मला विचारलं. सहज विचारल्यासारखं दाखवत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं होतं.

"शेवटी मोठ्या अक्षरांत घालीन," मी म्हणाले. "आवाज, अंबूताई निगवेकर, कोल्हापूर."

"कोल्हापूर कशाला? बरं, राहू दे. घाल."

त्यांच्या कपाटात फितींचे सोळा पत्र्याचे डबे होते. प्रत्येकावर दत्तोबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं. 'दार, बिजागरीला राळ लावून.' 'घुबड, अंबू.' 'पावले, ओली रेती.' 'हडळ हसणे, हंडा.' दत्तोबांचं जुनं फितीचं मशीनही अजून चालू होतं. अंबूताई ते दर महिन्याला पुसायच्या. मी एकेक फीत लावायची, मशीनच्या स्पीकरसमोर माझा रेकॉर्डर ठेवायची आणि अंबूताई शेजारी बसून प्रत्येक आवाजाची जन्मकथा सांगायच्या. हाडं मोडल्याचा आवाज म्हणजे ऊस होता. वटवाघळं म्हणजे ओली छत्री उघडझाप केलेली. माझी इतकी हसून पुरेवाट झाली होती की भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

सतरावा डबा कपाटाच्या मागच्या बाजूला होता. खणाच्या कापडात गुंडाळलेला. मी हात घातला तशी अंबूताईंनी माझं मनगट धरलं. घट्ट नव्हे, पण धरलं.

"ती न्हाई लावायची."

"का? काय आहे त्यात?"

"कामाचं काही न्हाई." त्यांनी तो डबा आणखी मागे सरकवला आणि दुसराच माझ्या हातात दिला. "हे बघ, ह्यात कोल्हा आहे. कोल्हा मला लई चांगला यायचा."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अंबूताईंचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर पेठेत राहायचा, गुडघ्यांनी अधू झाल्यामुळे त्याला येववत नव्हतं, म्हणून ओवाळायला ह्याच जायच्या. त्या निघाल्या तेव्हा माझ्या तीन फिती ऐकायच्या राहिल्या होत्या.

"तू बस निवांत," त्या म्हणाल्या. "मला यायला दोन-अडीच तास लागतील. जाताना दार ओढून घे आणि किल्ली मावशीकडं दे. डब्यात चिवडा आहे, खा."

रिक्षा बोळातून बाहेर पडल्याचा आवाज आला. मी राहिलेल्या तीन फिती उतरवून घेतल्या. मग थोडा वेळ चिवडा खात बसले. मग उठून कपाटाच्या मागून सतरावा डबा काढला.

त्यात एक बाई रडत होती. बराच वेळ मी ऐकत होते. पुण्याला नेटवरून गोळा केलेले शेकडो आवाज मी ऐकले होते, त्या सोळा डब्यांतलेही ऐकले होते, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. फीत पुन्हा मागे घेऊन, रेकॉर्डर लावून, मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून घेतली. मग डबा होता तसा गुंडाळून ठेवला, दार ओढून घेतलं आणि किल्ली मावशीकडे दिली.

"झालं का मनासारखं?" मावशीने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

पुण्याला आल्यावर पाच दिवस मी दुसरं काही केलं नाही. आमच्या मजल्याचा प्रमुख अद्वैत बर्वे. त्याने आमच्याच कार्यालयातल्या जिन्याची, लिफ्टची, रिकाम्या खुर्च्यांची काळी-पांढरी दृश्यं टिपून दिली. त्यावर मी अंबूताईंचं घुबड, पावलं, राळ लावलेलं दार चढवलं. हंड्यातलं हसू लिफ्टच्या दारावर घातलं. आणि शेवटी, पडदा पूर्ण काळा झाल्यावर, सतराव्या डब्यातले चौतीस सेकंद.

अद्वैतने कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे कुठून आणलंस?"

"जुन्या चित्रपटातलं आहे," मी म्हणाले.

"कसली नटी असेल ही!" तो म्हणाला. "आपला पहिला नंबर कुठे जात नाही."

शुक्रवारी चार वाजता कॅन्टीनच्या खिडक्यांना काळे कागद लावून अंधार केला होता. दर टेबलावर कोरलेला लाल भोपळा. आपल्याकडचे भोपळे चपटे, त्यामुळे सगळी भुतं पोट धरून हसल्यासारखी दिसत होती. पहिल्या तीन मजल्यांचं झालं. अपेक्षेप्रमाणे दोघांकडे लांडगे होते. मग आमचं लागलं. हंड्यातल्या हसण्याला पोरी किंचाळल्या आणि लगेच एकमेकींना कोपरखळ्या मारून खिदळल्या. मी मागे भिंतीला टेकून सगळ्यांचे चेहरे बघत होते. मला फार बरं वाटत होतं.

पडदा काळा झाला आणि रडणं सुरू झालं.

दोनशे माणसं गप्प झाली. कुणाच्या तरी हातातला कागदी पेला चुरगळल्याचा तेवढा आवाज आला. माझ्या शेजारी, कॅन्टीनच्या आतल्या दारात, द्वारकामावशी उभ्या होत्या. त्या आमच्याकडे कपबशा विसळायच्या. हातात ओल्या कपांचा ट्रे होता. तो त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि मला विचारलं, "कोण गेलं हो, ताई?"

"कुणी नाही, मावशी," मी म्हणाले. "सिनेमातलं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ट्रे तसाच ठेवून आत निघून गेल्या.

तेवढ्यात दिवे लागले. क्षणभर सगळे तसेच बसून होते, मग कुणीतरी मोठ्याने "बाप रे!" म्हटलं आणि सगळं कॅन्टीन हसत सुटलं. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत अंबूताईंचं नाव आलं, ते किती जणांनी वाचलं कोण जाणे. विक्री विभागातल्या एकाने छाती पिटत त्या रडण्याची नक्कल केली, त्यावर पुन्हा हशा झाला. मीही हसले. आम्हाला प्लास्टिकच्या कवटीचं बक्षीस मिळालं आणि ती हातात घेऊन मी सगळ्यांबरोबर फोटो काढले.

संध्याकाळच्या आत अद्वैतने तो व्हिडिओ कंपनीच्या पानावर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला ते आम्हालाच कळेना. शनिवारी सकाळपर्यंत माझ्याच फोनवर तो तीन निरनिराळ्या लोकांकडून आला होता. त्यातल्या एकाने फक्त शेवटचा तुकडा ठेवला होता, खाली लिहिलं होतं, 'एकट्याने ऐकू नका.'

शनिवारी दुपारी मावशीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"हेमांगी, अगं, तुझा तो व्हिडिओ आमच्याकडे पण आला. शेवटी अंबूताईंचं नाव बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तशीच फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, दाखवावं बाईंना."

"मग?"

"तू ये, बाई. उद्याच ये."

"काय झालं, मावशी?"

"त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या हातातला फोन घेतला आणि पालथा घालून पाटावर ठेवला. मी घाबरले. तू ये."

रविवारी सकाळच्या एसटीने निघाले. सगळा रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. कात्रजपासून कऱ्हाडपर्यंत चार-पाच निरनिराळी वाक्यं तयार केली, आणि प्रत्येक वाक्यात मी थोडी थोडी निर्दोष होत गेले.

अंबूताईंचं दार उघडंच होतं. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "जेवलीस?"

"हो," मी म्हणाले. जेवले नव्हते.

"बस मग."

मी बसले. रस्त्यात जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "अंबूताई, मला माफ करा," एवढंच म्हणाले.

त्यांनी ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. "लोक घाबरले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मग?"

"मग टाळ्या वाजवल्या."

"हसले न्हाईत?"

मी खाली बघितलं. "हसले."

"हसणारच," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. अनुभवी माणूस कामाबद्दल बोलतो तशा. "घाबरलेलं माणूस दिवा लागला की हसतंच. ते काय त्यांचं चुकलं न्हाई." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सासष्ट साल होतं. श्रावण होता. विहिरीतल्या बाईचं रडणं करायचं होतं. स्टुडिओच्या मालकाच्या मनाला येईना. चौदा वेळा रडले मी त्या दिवशी. खोटं रडायला लई ताकद लागते. आमची शकू घरी तापली होती. घटसर्प. पाच वर्षांची होती. सकाळी डॉक्टर म्हणाले, उतार आहे. म्हणून तर मी कामावर आले. सासूबाई होत्या जवळ."

मला उठून जावंसं वाटलं. पण मी बसून राहिले.

"पंधराव्या वेळेला उभी राहिले. लाल दिवा लागला. मशीन सुरू झालं. आणि माझा भाऊ सायकल टाकून आत आला. लाल दिवा असताना आत यायचं न्हाई, त्याला ठाऊक होतं. तरी आला. 'ताई, शकू,' एवढंच म्हणाला. पुढचं त्याला बोलवलंच न्हाई."

बोळातून भाजीवाली ओरडत गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत अंबूताई थांबल्या.

"हे काचेच्या आत होते. धावत बाहेर आले. मशीन बंद करायचं राहिलं. फीत संपेपर्यंत चालू होतं ते. दहाव्याच्या दिवशी मालक घरी आला. समाचाराला. जाताना ह्यांना म्हणाला, दत्तोबा, त्या दिवशीची फीत जपून ठेवा, आपल्या सीनला तीच घालू. असं रडणं पैदा करून होत न्हाई."

"मग?" मी विचारलं.

"ह्यांनी सांगितलं, फीत खराब झाली. आणि सदऱ्याच्या आत घालून घरी आणली. कळायचं ते कळलंच. काम गेलं. नंतर कुठल्या स्टुडिओनं उभं केलं न्हाई. मरेपर्यंत लोकांचे रेडिओ दुरुस्त करत बसले, पण फीत कुणाला दिली न्हाई."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. "मग ती पुसून का नाही टाकली?"

"दोनदा बसले होते पुसायला. ह्यांनी मशीन लावून दिलं, बटण मी दाबायचं होतं." त्यांनी मान हलवली. "त्यात मी तिला हाक मारलीय गं. तिचा फोटो पण न्हाई घरात. कधी काढलाच न्हाई. माझ्या तोंडची तिच्या नावाची हाक जगात तेवढ्याच एका जागी आहे. ती कशी पुसायची?"

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला काही ठाऊक नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले. "खरंच नाही, अंबूताई. मला वाटलं तेही चित्रपटासाठीच केलेलं आहे."

त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवायला उठल्या.

ते खरं नव्हतं, आणि ते आता इथे सांगायला हवं. भाऊबिजेच्या दुपारी मी तो डबा गुंडाळीतून सोडवला तेव्हा खणाचं ते कापड माझ्या मांडीवर उलगडलं. तो लहान मुलीचा परकर होता. कमरेला नाडी होती, आणि नाडीला गाठ तशीच होती. तो बाजूला ठेवून मी फीत लावली. सुरुवातीला त्या मालकाचा आवाज, "हं, बाई, आता मनापासून." मग दार वाजल्याचं. मग एका तरुण पोराचा कोंडलेला आवाज, "ताई, शकू." मग ते रडणं. रडण्याच्या मधोमध एक पुरुष अगदी जवळून म्हणत होता, "अंबू, अगं अंबू, इकडे बघ." आणि पुढे ती हाक. शकू. शकू गं. किती वेळा ते मी मोजलं नाही.

पुण्यात बसून मी ते सगळं काढून टाकलं होतं. पोराचा शब्द संपला तिथून मी सुरुवात केली. पुरुषाचा आवाज काढला आणि दोन टोकं जोडली. हाकेच्या आधी थांबले. कारण नाव ऐकू आलं असतं तर लोकांना कळलं असतं की हे भूत नाही. न कळता कुणी एवढं नेमकं कापत नाही. मला सगळं कळलं नव्हतं, मुलीचं वय नव्हतं ठाऊक, आजार नव्हता ठाऊक. पण हे रडणं खरं आहे, हे मला ऐकता क्षणीच कळलं होतं. खरं होतं म्हणून तर मला ते हवं होतं.

अंबूताईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला. माझे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पी. गार होईल."

मी प्यायले. मनात म्हटलं, सुटले. तेव्हा मला खरंच तसं वाटलं, हे लपवत नाही.

त्या माझ्यासमोर बसल्या, स्वतःच्या कपात फुंकर घातली आणि कपाकडे बघतच बोलल्या.

"तुकडा चांगला कापलायस. भावाचा शब्द संपल्यावर सुरू, आणि हाकेच्या आत बंद. मधी ह्यांचा आवाज होता, तोही काढलास. जोड कुठं आहे ते कळतसुद्धा न्हाई." एक घोट घेतला. "मी आठ वर्षं ह्यांच्या शेजारी बसून फिती जोडताना बघितल्यात. हात चांगला आहे तुझा."

माझ्या कपात अजून अर्धा चहा होता. तो पिववेना आणि ठेववेनाही. 'मला कळलं होतं' एवढेच तीन शब्द म्हणायचे होते. त्यांना ते ऐकायची गरजही नव्हती, फक्त मी म्हणायची गरज होती. मी म्हणाले नाही.

"परत घेता येतं का ते?" त्यांनी विचारलं.

"कंपनीच्या पानावरून काढायला लावलंय," मी म्हणाले. "पण लोकांच्या फोनमध्ये गेलंय. सगळं नाही परत येणार." खोटं बोलल्यानंतर त्या घरात मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

"म्हणजे लोक ऐकणार."

"हो."

त्या उठल्या, कपाटाच्या मागून डबा काढला, परकराची घडी सोडून मांडीवर घेतली आणि फीत माझ्यापुढे धरली.

"लाव. मी अठ्ठेचाळीस वर्षांत ऐकली न्हाई. काल तेवढीच ऐकली, तुझ्या मावशीच्या फोनवर. अर्धी ऐकून मनाला चैन पडंना. तिची हाक ऐकायची राहिली."

फीत चाकावर चढवायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. अंबूताई थांबल्या, मदतीला आल्या नाहीत.

अकरा मिनिटं. "हं, बाई, आता मनापासून." दार. पोराचा शब्द. मग ते सगळं. अंबूताई रडल्या नाहीत. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या. दत्तोबांचा आवाज आला तेव्हा त्यांचे ओठ हलले. हाक सुरू झाली तेव्हा त्यांनी परकर दोन्ही हातांत धरला, आणि प्रत्येक हाकेला त्यांची मान किंचित हलायची. मी समोर बसून ऐकत होते. मला कान झाकता आले नाहीत.

फीत संपली. टोक सुटून चाकाबरोबर फटफट वाजत फिरायला लागलं. मशीन बंद करायला मी हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू हात लावू नको."

माझा हात बाजूला करून त्यांनी स्वतः बटण दाबलं. मग फीत उतरवली, डब्यात घातली, परकरात गुंडाळली. नाडीची गाठ त्यांनी जपून आतल्या बाजूला घेतली. मी उठले, वाकून नमस्कार केला. त्यांनी मला थांबवलं नाही आणि आशीर्वादही दिला नाही.

मावशी दारातच वाट बघत उभी होती.

"रागावल्या का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"तू सांगितलंस ना, तुला ठाऊक नव्हतं म्हणून?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"समजून घेतलं त्यांनी," मी म्हणाले. "चहा दिला."

मावशीने सुस्कारा सोडला. "मोठ्या मनाची बाई," ती म्हणाली, आणि मला आत नेऊन जेवायला वाढलं. मी पोटभर जेवले.

पुढे दोन वर्षांनी अंबूताई गेल्या. मी कोल्हापूरला गेले नाही, काम होतं असं कळवलं. आमच्या घरात दिवाळीला सगळे जमले की अजून कुणीतरी त्यांचा विषय काढतं, आणि मावशी सगळी गोष्ट सांगते. हंड्यातलं हसू सांगते, शकूचं सांगते, आणि शेवटी न चुकता म्हणते, "आमच्या हेमांगीला बिचारीला काही ठाऊकच नव्हतं." सगळे माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. माझी मुलगी माझ्या मांडीवर असते, ती मोठ्या मायेने माझा हात कुरवाळते.